आईची साक्ष आणि संशोधकाची यादी

संशोधकाची थोरवी त्याच्या निबंधांच्या संख्येवर मोजण्याची रीत आपल्या विद्यापीठांत घट्ट रुजली आहे. ही रीत मला मान्य नाही. का, ते बालकांच्या नेत्रविकारांवर लिहिणारे अमेरिकन डॉक्टर आल्फ्रेड सोमर यांच्या लेखनावरून सांगतो.

सोमर यांनी इंडोनेशियात तेथील सहकाऱ्यांसह काम केले. १९८३ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा निबंध आला. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावाने ज्या मुलांना रातांधळेपणा येतो वा डोळ्यांत फेसाळ डाग पडतात, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण इतर मुलांच्या सरासरी चौपट असते, असे त्यात दाखवले होते. १९८६ साली उत्तर सुमात्रातील ४५० खेड्यांतील प्रयोग प्रसिद्ध झाला. या जीवनसत्त्वाची मोठी मात्रा दिलेल्या खेड्यांत बालमृत्यू ३४ टक्क्यांनी कमी होते. डोळ्याचे दुखणे निव्वळ डोळ्याचे नव्हते, ते जगण्यामरण्याचे होते.

पुढे वाद झाला. १९९० साली हैदराबादजवळच्या खेड्यांतील पाहणीत असा ठळक फरक आढळला नाही. १९९३ साली अनेक प्रयोग एकत्र तपासले गेले, तेव्हा २३ टक्के घट दिसली. आकड्यांशी आकडे भांडले. शास्त्रात ते व्हायलाच हवे.

मला मात्र या यादीतला १९८० सालचा एक छोटा निबंध सर्वांत मोलाचा वाटतो. रातांधळ्या मुलाला इंडोनेशियात ‘बुता आयाम’ म्हणतात, म्हणजे कोंबडीसारखे आंधळे. कोंबडीलाही अंधारात दिसत नाही. आई आपल्या मुलाविषयी हा शब्द उच्चारी, तेव्हा त्या मुलाच्या रक्तातही जीवनसत्त्व कमी भरे. मग डोळ्यांत डाग असोत वा नसोत. डॉक्टरच्या विजेरीला जे दिसले नाही, ते आईला आधी कळले होते.

माझी आजी निरक्षर होती. दिवेलागणीला अंगणातले कोणते पोर चाचपडते, हे ती ओट्यावर बसून सांगे. तिच्या या जाणण्याला आम्ही शिकलेल्यांनी कधी ज्ञान म्हटले नाही. अडाण्याचे बोलणे म्हणून सोडून दिले. सोमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तसल्याच बोलण्याला पुरावा मानले, ते तपासले आणि खरे ठरवले. त्यांची थोरवी मी येथे मानतो.

पण टीकाकाराने येथेच थांबू नये. ज्या आयांच्या शब्दावर हा निबंध उभा आहे, त्यांच्यापैकी एकीचेही नाव लेखकांत नाही. साक्ष त्यांची, ग्रंथकर्ते दुसरे. ज्ञानाच्या वाटणीतला हा जुना अन्याय चांगल्या माणसाच्या हातूनही सुटत नाही.

म्हणून विद्यार्थ्यांना माझे सांगणे आहे : कोणाचीही यादी हाती आली की निबंध मोजू नका. त्यात कोण बोलले आणि सही कोणाची झाली, हे आधी विचारा.