पौगंडावस्था, प्रेम आणि सर्जनाची उमेद : ‘व्हिस्पर ऑफ द हार्ट’ व ‘शाळा’ यांचा तौलनिक विचार

बीजसंज्ञा : पौगंडावस्था, अ‍ॅनिमेशनपट, मुलीचे कर्तेपण, नवनगर, न्हावा शेवा

प्रस्तावना

शाळकरी वयातील प्रेम हा मराठी कथात्म साहित्याचा आणि त्यामागोमाग मराठी चित्रपटाचा आवडता विषय आहे. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ ही कादंबरी २००४ साली प्रसिद्ध झाली. तिच्यावर आधारित, सुजय डहाके दिग्दर्शित चित्रपट २०१२ साली प्रदर्शित झाला आणि २०११च्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट म्हणून त्याचा गौरव झाला. पुढे ‘फँड्री’, ‘टाइमपास’ (दोन्ही २०१४) आणि ‘सैराट’ (२०१६) या चित्रपटांनी हा विषय जात, वर्ग आणि हिंसा यांच्या संदर्भात अधिक विस्तारला. या परंपरेचे मोल निर्विवाद आहे. तथापि एक प्रश्न या परंपरेने क्वचितच विचारला आहे. प्रेमात पडलेल्या मुलीला प्रेमाखेरीज आणखी काय व्हावेसे वाटते, हा तो प्रश्न होय.

या प्रश्नाचा विचार करताना योशिफुमी कोन्दो दिग्दर्शित ‘व्हिस्पर ऑफ द हार्ट’ (मूळ जपानी नाव ‘मिमी ओ सुमासेबा’, १९९५) हा स्टुडिओ जिब्लीचा अ‍ॅनिमेशनपट उपयोगी पडतो. प्रस्तुत लेखात या चित्रपटाचे विवेचन ‘शाळा’च्या तुलनेत केले असून, नवनगराच्या छायेत वाढणाऱ्या न्हावा शेवा-उरण परिसरातील विद्यार्थ्यांच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय, हे तपासले आहे.

चित्रपटाची घडण

आओई हिइरागी यांची मूळ चित्रकथा १९८९ साली जपानमधील मुलींच्या मासिकातून क्रमशः आली. पटकथा हायाओ मियाझाकी यांनी लिहिली. कोन्दो हे दीर्घकाळ इतरांच्या चित्रपटांसाठी रेखाटन करणारे कलावंत. त्यांनी दिग्दर्शित केलेला हा एकमेव पूर्ण लांबीचा चित्रपट ठरला. १९९८ साली वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

कथानक साधे आहे. शिझुकु ही चौदा वर्षांची मुलगी अखंड वाचते. ग्रंथालयातून आणलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या कार्डावर आपल्या आधी सेइजी आमासावा हे एकच नाव नोंदलेले तिला आढळते. या न पाहिलेल्या वाचकाविषयी तिचे कुतूहल वाढत जाते. सेइजी भेटतो तेव्हा कळते की, त्याला व्हायोलिन बनविणारा कारागीर व्हायचे आहे आणि त्यासाठी तो इटलीतील क्रेमोना येथे दोन महिन्यांच्या परीक्षणकाळासाठी जाणार आहे. त्याचा मार्ग ठरलेला पाहून शिझुकुला आपल्या रिकामेपणाची जाणीव होते आणि ती एक कथा लिहावयास घेते. सेइजीचे आजोबा निशी यांच्या जुन्या वस्तूंच्या दुकानातील ‘बॅरन’ नावाचा मांजराचा पुतळा तिच्या कथेचा नायक होतो.

मूळ चित्रकथेत सेइजी चित्रे काढतो. चित्रपटात तो व्हायोलिन घडवितो. हा बदल वरवर किरकोळ वाटला तरी त्यामुळे चित्रपटाचा आशय पालटतो. चित्रकलेविषयी बोलताना प्रतिभेची भाषा सहज येते. वाद्य घडविण्याच्या कामात मात्र लाकूड, पटाशी, सराव आणि गुरूचा निर्णय यांची भाषा बोलावी लागते. कला ही आधी कारागिरी असते, ही चित्रपटाची भूमिका या एका बदलातून सिद्ध होते आणि तीच पुढे शिझुकुच्या लेखनालाही लागू पडते.

पाहणे आणि घडविणे

‘शाळा’ची कथा आणीबाणीच्या काळात घडते. नववीत शिकणारा मुकुंद जोशी आणि त्याची वर्गभगिनी शिरोडकर यांच्या अबोल ओढीची ही गोष्ट आहे. अर्धवट बांधलेल्या इमारतीत बसून वर्गातील मुलींविषयी चर्चा करणारी मुले, ‘लाइन’ या शब्दात सामावलेला त्यांचा सारा भावव्यवहार आणि नरूमामाचा मोकळा सल्ला यांमुळे कादंबरीचे जग अस्सल झाले आहे. शिरोडकर ही बुजरी किंवा बाहुलीसारखी नाही. ती बुद्धिमान आहे, तिला स्वतःचे मत आहे. असे असूनही वाचकाला ती जोशीच्या दृष्टीतूनच भेटते. अखेरीस तिचे कुटुंब गाव सोडते तेव्हा जोशीची पोकळी वाचकाला उमगते. शिरोडकर आपल्याबरोबर काय घेऊन गेली, हे मात्र अज्ञातच राहते.

प्रथमपुरुषी निवेदनाची ही अपरिहार्य मर्यादा आहे, असा युक्तिवाद करता येईल आणि कादंबरीपुरता तो ग्राह्यही आहे. मुलाचे अपुरे ज्ञान हेच तेथे निवेदनाचे बळ आहे. परंतु चित्रपटाच्या कॅमेऱ्याला असे बंधन नसते. तरीही ‘शाळा’चा कॅमेरा बहुतांशी जोशीबरोबरच राहतो, ‘फँड्री’चा जब्याबरोबर. ‘फँड्री’तील शालू तर दुरून पाहिली जाणारी, जवळजवळ निःशब्द अशी आकृती आहे, जब्या आणि ती यांच्यातील जातीचे अंतर दाखविण्यासाठी ते आवश्यकही आहे. ‘सैराट’मधील आर्ची बुलेट चालवते, स्वतः पुढाकार घेते, त्यामुळे ती या परंपरेत वेगळी उठून दिसते. पण तिचा पुढाकारही प्रेमाच्याच क्षेत्रात खर्ची पडतो. एकूण पाहता मराठी चित्रपटातील शाळकरी मुलगी प्रेमाचा विषय होते, क्वचित प्रेमाची कर्ती होते. कृतीची, म्हणजे कथा, चित्र, वाद्य अशा घडविलेल्या वस्तूची कर्ती होताना ती फारशी दिसत नाही.

‘व्हिस्पर ऑफ द हार्ट’मध्येही आरंभी मुलगा मुलीला पाहतच असतो. तिचे लक्ष वेधावे म्हणून आपण मुद्दाम तिच्या आधी पुस्तके वाचली, अशी कबुली सेइजी पुढे देतो. मात्र त्याच्या पाहण्याचे रूपांतर वाचनात होते. परिणामी दोघांमधील ओढ एका समान श्रमाच्या पायावर उभी राहते. ग्रंथालयाचे कार्ड हे या चित्रपटातील प्रेमपत्र होय. ही पद्धत आता बारकोडमुळे जाणार, असा उल्लेख शिझुकुच्या ग्रंथालयात काम करणाऱ्या वडिलांच्या बोलण्यात येतो आणि दोन माणसांना अनोळखीपणे जोडणारी एक वाट बुजत चालल्याची खंत, एक अक्षरही अधिक न बोलता व्यक्त होते.

खडबडीत कृतीचे मोल

चित्रपटाचा गाभा शिझुकुच्या लेखनकाळात आहे. ती रात्री जागते, अभ्यास मागे पडतो, परीक्षेतील क्रमांक घसरतो, मोठी बहीण तिला खडसावते. वडील विचारपूस करतात, ऐकून घेतात आणि परवानगी देतात. सोबत एक इशाराही देतात. इतरांहून वेगळी वाट धरणे सोपे नसते. जे होईल त्याचा दोष दुसऱ्या कोणावर ढकलता येत नाही, असा त्याचा आशय आहे. येथे पालक खलनायक नाहीत आणि मुलीचा बंडखोर म्हणून जयजयकारही नाही. निर्णय आणि जबाबदारी ही दोन्ही एकाच वेळी तिच्या हाती सोपविली जातात.

कथा पूर्ण होताच शिझुकु ती निशींकडे नेते आणि लगेच वाचण्याचा आग्रह धरते. कथा चांगली आहे, असे ते म्हणतात तेव्हा तिला ते पटत नाही. उत्तरार्ध विस्कळीत झाल्याचे तिला स्वतःलाच ठाऊक असते. निशी ते नाकारत नाहीत. कृती खडबडीत आहे, अपुरी आहे, पण अस्सल आहे, असा त्यांचा अभिप्राय असतो. शिझुकु रडते. निशी तिला गरम शेवयांचे जेवण देतात आणि आत कच्चे रत्न असलेला एक दगड भेट देतात. पैलू पाडण्याचे काम तिचे आहे.

या प्रसंगाचे महत्त्व अध्यापकवर्गाला अधिक जाणवावे. खोटी स्तुती आणि निर्दय मूल्यमापन यांखेरीज तिसरा मार्ग असतो, हे निशी दाखवितात. ते आधी पूर्ण वाचतात, मग खरे सांगतात आणि नंतर जेवू घालतात. चित्रपटात शिझुकुला पुरस्कार मिळत नाही, कथा छापून येत नाही. आपल्याला आणखी पुष्कळ शिकायला हवे, एवढेच तिला कळते आणि ती पुन्हा अभ्यासाकडे वळते. अपयशाला इतक्या सन्मानाने वागविणारे पौगंडपट विरळा आहेत.

चित्रपटाच्या मर्यादा

दोन आक्षेप नोंदविणे आवश्यक आहे. पहिला, शिझुकुला लिहिण्याची प्रेरणा एका मुलाच्या महत्त्वाकांक्षेतून मिळते. तिचे कर्तेपण अशा रीतीने दुय्यम ठरते काय? चित्रपटाचा उत्तरार्ध या आक्षेपाला बऱ्याच अंशी उत्तर देतो, कारण सेइजी परदेशी असताना ती एकटीच लिहिते आणि तिच्या कृतीचे परीक्षणही त्याच्याविना होते. मात्र अखेरीस पहाटेच्या टेकडीवर सेइजी विवाहाचे वचन मागतो आणि ती ते देते, तेव्हा तोवर मोकळी ठेवलेली वाट घाईने बंद केल्यासारखी वाटते. चौदाव्या वर्षीच्या शब्दाला एवढे वजन देण्याची गरज नव्हती. त्या दृष्टीने ‘शाळा’चा वियोग अधिक प्रामाणिक आहे.

दुसरा आक्षेप वर्गविषयक आहे. शिझुकुचे वडील ग्रंथालयात आहेत, आई प्रौढपणी उच्च शिक्षण घेत आहे, घर लहान असले तरी पुस्तकांनी भरलेले आहे. सर्जनाला वेळ लागतो आणि वेळ ही संपत्तीच असते. या संदर्भात ‘फँड्री’ची आठवण होणे अटळ आहे. शिझुकुच्या हाती पैलू पाडण्यासाठी दगड दिला जातो. जब्याच्या हाती दगड येतो तो भिरकावण्यासाठीच. दोघांच्या अंतःकरणातील कोवळीक सारखी असली, तरी तिचे काय होणार हे आजूबाजूची व्यवस्था ठरविते. कोन्दो यांचा चित्रपट ही व्यवस्था गृहीत धरतो, तिला प्रश्न करीत नाही.

नवनगर आणि गावाची वाट

मात्र एका बाबतीत हा चित्रपट भोवतालाकडे सजगपणे पाहतो. त्यातील परिसर टोकियोच्या पश्चिमेकडील तामा भागातील प्रत्यक्ष स्थळांवर बेतलेला आहे. १९६५ साली आखलेल्या तामा नवनगरासाठी तेथील टेकड्या आणि वने सपाट करण्यात आली. शिझुकु एका प्रसिद्ध अमेरिकन गीताचे जपानी रूपांतर करताना गावाकडच्या वाटेऐवजी काँक्रीटच्या रस्त्याचे विडंबनही रचते. जिला गावच उरलेले नाही, तिने गावाच्या ओढीचे गीत कसे गावे, हा त्यामागील प्रश्न आहे.

न्हावा शेवा येथील वाचकाला हा प्रश्न परका वाटू नये. सिडकोची स्थापना १९७० साली झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतील गावांच्या जमिनींवर नवी मुंबई उभी राहिली. जानेवारी १९८४मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील शेतकरी आंदोलनात पाच जणांनी प्राण गमावले. शेवा गावातील कुटुंबांना बंदरासाठी स्थलांतर करावे लागले. १९८९च्या मे महिन्यात जवाहरलाल नेहरू बंदर कार्यान्वित झाले. शिझुकुची चित्रकथाही त्याच वर्षीची, हा योगायोग होय. जानेवारी २०२४मध्ये अटल सेतू खुला झाला आणि शिवडीचे अंतर मिनिटांवर आले. मिठागरे, खाडी आणि भातशेती यांच्या जागी कंटेनरची कोठारे पाहत वाढलेल्या पिढीला ‘गाव’ या शब्दाचा अर्थ नव्याने रचावा लागणार आहे.

तो रचण्याची सामग्री येथे नाही असे नाही. आगरी समाजातील लग्नात धवलारीण जे धवले गाते, ती स्त्रियांनी मुखोद्गत जपलेली सर्जनाची परंपराच आहे. परंतु मराठी समाजाला स्त्रीच्या अशा सर्जनाची ओळख बहुधा उशिरा पटते. बहिणाबाई चौधरी यांची गाणी त्यांच्या निधनानंतर, १९५२ साली पुस्तकरूपाने आली, हे त्याचे ठळक उदाहरण होय. शिझुकुला चौदाव्या वर्षीच एक वाचक लाभला, यातच तिचे भाग्य आहे.

समारोप

‘शाळा’ने मराठी पौगंडाला बोली दिली, ‘फँड्री’ने त्याला संताप दिला. ‘व्हिस्पर ऑफ द हार्ट’ त्यात कृतीची भर घालतो. प्रेमाची परिणती मीलनात वा विरहात होते, हे मराठी चित्रपटाला ठाऊक आहे. ती एखाद्या अर्ध्यामुर्ध्या, खडबडीत कथेतही होऊ शकते, हे त्याने अद्याप पुरेसे आजमावलेले नाही. बंदर, सेतू आणि नवनगर यांच्या मध्ये वाढणाऱ्या मुलींच्या वह्यांत अशा कथा असणारच. त्या पूर्ण वाचणे, त्यांविषयी खरे बोलणे आणि पुढील पैलू पाडण्यासाठी त्यांना अवकाश देणे, ही निशींची भूमिका महाविद्यालयीन अध्यापकाला स्वीकारता येण्याजोगी आहे. चित्रपटाचे मूळ जपानी शीर्षक कान देऊन ऐकण्याविषयी आहे, हे या संदर्भात ध्यानी घ्यावयास हवे.