टाक्यांत सापडलेला रानपिंगळा

लंडनच्या वायव्येला ट्रिंग नावाचं लहानसं गाव आहे. तिथल्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या पक्षिसंग्रहात रानपिंगळ्याची वीतभर लांबीची एक कातडी आहे. पायाला बांधलेल्या चिठ्ठीनुसार हा पक्षी ऑक्टोबर १९१४ मध्ये गुजरातेत तापीकाठच्या मांडवीला टिपला गेला आणि टिपणाऱ्याचं नाव रिचर्ड माइनर्त्सहागेन. पक्षी अस्सल आहे, चिठ्ठी मात्र खोटी. पिंगळा आपल्या खानदेशातला आहे. मांडवीच्या तारखेच्या कितीतरी आधी तो दुसऱ्याच माणसाने टिपला होता, सोलला होता, शिवला होता. हे कुणा साक्षीदाराने सांगितलेलं नाही, कातडीवरच्या खुणांनीच ते उघड केलं. त्या खुणा वाचणाऱ्या पामेला रासमुसेन आणि त्यांचे सहलेखक नायजेल कॉलर यांचा शोधनिबंध १९९९ मध्ये ‘आयबिस’ या पक्षिशास्त्राच्या नियतकालिकात आला. एखाद्या आवडत्या कथेकडे परत परत जावं, तशी मी त्या वाचनाकडे जात असते. त्याची गोडी कशात आहे, ते मांडून पाहते.

त्यासाठी आधी कातडी कशी घडते ते समजून घ्यायला हवं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात काचेमागे फांदीवर बसवलेले, काचेचे डोळे लावलेले पक्षी आपण लहानपणी पाहिलेले असतात. ते प्रदर्शनासाठी केलेले. अभ्यासासाठीची कातडी निराळी. पक्ष्याच्या पोटावर चीर देऊन अंगाचा मांसल भाग काढून घेतात, कवटी मागून साफ करतात, आतून सोमलाचा लेप देतात, पोकळीत कापूस भरतात आणि चीर शिवून टाकतात. पंख अंगालगत, पाय एकावर एक, चोच पुढे. डोळ्यांच्या जागी पांढरा कापूस. मग पायाला चिठ्ठी, तिच्यावर ठिकाण, तारीख, नर की मादी, टिपणाऱ्याचं नाव आणि जमल्यास बुबुळांचा व पायांचा रंग, कारण जिवंतपणीचे हे रंग कातडीत टिकत नाहीत. अशा शेकडो कातड्या लाकडी कपाटांच्या उथळ खणांत उताण्या, ओळीने मांडलेल्या असतात. मुंबईत सिंहद्वारासमोरच्या हॉर्नबिल हाउसमध्ये, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत, अशीच कपाटं आहेत. सोसायटीचे सचिव डब्ल्यू. एस. मिलर्ड यांनी पिवळ्या गळ्याची चिमणी घेऊन आलेल्या एका मुलाला असेच खण उघडून दाखवले होते. तो मुलगा म्हणजे सालिम अली. पुढे हुमायून अब्दुलअली यांनी या संग्रहाची सूची वर्षानुवर्षं, भागाभागाने छापली. एकेक कातडी हातात घेऊन, मोजून, चिठ्ठी ताडून केलेलं ते काम वाचताना मला नेहमी वाटतं की या माणसाला त्याच्या हयातीत पुरेसे वाचक मिळाले नाहीत.

रासमुसेनबाईंच्या वाचनाची पहिली गंमत अशी, की कातडी करणाऱ्याला त्यांनी कारागीर मानलं. प्रत्येक कारागिराचा हात वेगळा. कुणी कापूस ठासून भरतो, कुणी हलका. कुणी चीर बारीक टाक्यांनी मिटवतो, कुणी दोन लांब टाक्यांवर काम भागवतो. पंखांच्या सांध्यांशी कुणी दोरा घेतो, कुणी घेत नाही. चार ताना ऐकून घराणं ओळखणारे रसिक आमच्या डोंबिवलीत कमी नाहीत. त्याच जातीचा कान इथे डोळ्याला आलेला आहे. जेम्स डेव्हिडसन या माणसाने केलेल्या कातड्या शेजारी ठेवल्या, की त्याची शिवण्याची आणि भरण्याची रीत दिसू लागते. मांडवीचा म्हणून नोंदलेल्या पिंगळ्यातही तीच रीत अंधूकपणे उरली होती. वरून मात्र दुसऱ्या हाताने काम केलं होतं. जुनी शिवण उसवलेली, कापूस बदललेला, आकार नव्याने दाबून घेतलेला. क्ष-किरणांखाली आणि बारकाईच्या तपासणीत दोन्ही हातांची कामं वेगळी दिसली. ज्याने पुसायचा प्रयत्न केला, तो सगळं पुसू शकला नाही.

डेव्हिडसनबद्दल थोडं विस्ताराने सांगायला हवं, कारण या गोष्टीतला खरा कष्टकरी तो आहे. मुंबई इलाख्याच्या मुलकी सेवेतला हा अधिकारी पश्चिम खानदेशात नेमलेला होता. शहादा, तळोदा, सातपुड्याचा पायथा हा त्याचा फिरतीचा मुलूख. पश्चिम खानदेशातल्या पक्ष्यांची एक यादी त्याने १८८२ च्या सुमारास ‘स्ट्रे फेदर्स’ या पक्षिशास्त्राच्या नियतकालिकात छापली. पुढे कारवारकडे बदली झाल्यावर टी. आर. बेल आणि ई. एच. एटकिन यांच्याबरोबर त्याने उत्तर कानड्यातल्या फुलपाखरांवर मोठं काम केलं. रानपिंगळा मात्र त्याने पहिल्यांदा शोधलेला नव्हता. पहिला नमुना १८७२ मध्ये एफ. आर. ब्लेविट याने आजच्या छत्तीसगडातल्या फुलझर भागात मिळवला. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूमने १८७३ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिलं आणि त्या नावात ब्लेविट कायमचा राहिला. १८७७ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ व्हॅलेंटाइन बॉलने ओडिशातल्या खरियारजवळ दुसरा टिपला. नंतर १८८० च्या दशकात डेव्हिडसनने खानदेशात काही मिळवले. जगभरच्या संग्रहालयांत मिळून या पक्ष्याचे सातच नमुने होते. १८८४ नंतर खात्रीलायक असा एकही नाही.

अपवाद मानला जायचा तो फक्त मांडवीच्या पिंगळ्याचा. १९१४ सालचा तो एक नमुना सगळ्यांच्या आशेचा आधार होता. पक्षी तीस वर्षांनंतरही दिसला आणि तोही तापीच्या खालच्या अंगाला, तर मग आणखी कुठेतरी असणारच. सालिम अली, डिलन रिप्ली आणि इतरांनी त्याचा शोध घेतला. पक्षी सापडला नाही. ज्या नोंदीवर विसंबून माणसं रानोमाळ हिंडली ती नोंदच बनावट असावी, ही कल्पना करणंही तेव्हा अवघड होतं, कारण माइनर्त्सहागेन साधा माणूस नव्हता. लष्करी अधिकारी, पक्षिशास्त्रातलं बडं प्रस्थ. सुमारे वीस हजार कातड्यांचा संग्रह त्याने १९५४ मध्ये ब्रिटिश म्युझियमला दिला होता. त्यातल्या अनेक कातड्या त्याच म्युझियममधून आधी चोरलेल्या होत्या, हे पुढे उघड झालं. ॲलन नॉक्स यांनी १९९३ मध्ये त्याच्या काही नमुन्यांवरच्या शंका छापल्या होत्या. तोवर कुजबुज होती, आता पुरावा आला.

रासमुसेनबाई या प्रकरणात शिरल्या त्या भारतीय उपखंडाच्या पक्ष्यांवरचं मोठं पुस्तक तयार करताना. त्या वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये रिप्लींबरोबर काम करत होत्या. पुस्तकासाठी हजारो कातड्या मोजायच्या होत्या आणि मोजता मोजता काही चिठ्ठ्या त्यांना पटेनात. मांडवीच्या चिठ्ठीतला महिनाही जरा पाहण्यासारखा आहे. १६ ऑक्टोबर १९१४ ला मुंबईहून भारतीय सैन्याचा एक मोठा तांडा पूर्व आफ्रिकेकडे निघाला आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला टांगाची लढाई झाली. माइनर्त्सहागेन त्या मोहिमेवर होता. अशा धांदलीत तापीकाठी जाऊन जगातला एक अतिदुर्मीळ पिंगळा टिपून आणणं किती संभवनीय, हा प्रश्न सुटा घेतला तर काहीच सिद्ध करत नाही. टाक्यांच्या आणि कापसाच्या पुराव्याशेजारी ठेवला, की त्याचं वजन बदलतं. या निबंधाची बांधणी मला फार आवडते ती यासाठी. एकही पुरावा एकट्याने ओरडत नाही. तारखा, हालचाली, शिवण, कापूस, क्ष-किरणांची चित्रं एकामागून एक येतात, आणि वाचकाला स्वतःच निष्कर्षाशी पोचल्यासारखं वाटतं. आरोप माणसावर आहे, तरी सूर कुठे चढत नाही.

त्यांनी चिठ्ठी खोडली म्हणजे पक्षी आणखी दुर्मीळ केला, असं वाटू शकतं. घडलं नेमकं उलट. निबंध छापून येण्याआधीच मांडवी यादीतून वजा झाली होती, आणि उरले होते फुलझर, खरियार आणि खानदेश. शोधाची दिशा ठरली ती या उरलेल्या खऱ्या चिठ्ठ्यांवरून. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट पूर्वेकडच्या जुन्या ठिकाणी हिंडले. हाती काही लागलं नाही. मग ते खानदेशात आले. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी, शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, त्यांना रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी. डेव्हिडसनने जिथे टिपला होता, त्याच मुलखात.

मी पक्ष्यांची चित्रं पाहणारी बाई आहे. कपाटातल्या कातडीपासून पुस्तकातल्या पानापर्यंत रानपिंगळ्याचा जो प्रवास झाला, त्यात मला चित्रकाराची बाजू फार जवळची वाटते. पक्ष्यांच्या पुस्तकातलं पिंगळ्यांचं पान उघडून पाहावं. साधा पिंगळा, जंगली पिंगळा आणि रानपिंगळा शेजारी शेजारी, एकाच मापात, जवळपास एकाच पवित्र्यात. पार्श्वभूमी नाही, सावली नाही, उजेड सगळ्यांवर सारखा. चित्रकार इथे स्वतःची लहर मुद्दाम आवरतो, म्हणजे फरक आपोआप पुढे यावेत. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढऱ्या ठिपक्यांची पखरण आणि मानेशी पांढरा पट्टा. डोंबिवलीजवळच्या आमच्या कोपरला खाडीकडच्या जुन्या झाडांवर संध्याकाळी चिरचिरणारा हाच. रानपिंगळ्याचं डोकं मात्र जवळजवळ एकरंगी, करडं तपकिरी, ठिपके असले तरी पुसटसे. छातीवर गडद जाड पट्टा, खाली पोट शुभ्र. पंखांवर आणि शेपटीवर काळपट व पांढरे रुंद पट्टे. पाय आखूड, जाड, पांढऱ्या पिसांनी झाकलेले. चोच मोठी.

ही यादी सोपी वाटते, पण तिच्यामागची अडचण चित्रकाराला विचारावी. १९९७ आधी हा पक्षी रंगवायचा तर आधार होता तो या सात कातड्यांचा. कातडीतून माप मिळतं, पिसांची रचना मिळते, पट्ट्यांची रुंदी मिळते. डोळा मिळत नाही, तिथे कापूस असतो. पक्षी फांदीवर कसा बसतो, मान किती आत घेतो, पोटाची पिसं कशी फुगतात, हे मिळत नाही. शिवाय कातडीचा आकार करणाऱ्याच्या हातावर असतो. ठासून भरलेल्या पक्ष्याची छाती रुंद दिसते, चपट्या कातडीत मान लांब दिसते. म्हणजे चित्रकाराने कातडी बारकाईने उतरवली, तरी तो अर्धा पक्षी आणि अर्धी शिवण रंगवतो. चांगला निसर्गचित्रकार हे जाणून असतो. गोव्याच्या कार्ल डिसिल्व्हा यांची चित्रं मला म्हणूनच मोलाची वाटतात. ग्रिमेट आणि इन्स्किप यांच्या पुस्तकांत त्यांची चित्रं आहेत. त्यांचे पक्षी मापात काटेकोर, पण अंगात हाड असल्यासारखे, वजन पायांवर पेलून बसलेले. नुसत्या कपाटातून तसा पक्षी उतरत नाही, माणसाला रानात उभं राहावं लागतं.

शहाद्यानंतर रानपिंगळ्याच्या चित्रात हे उरलेलं अंग भरता आलं. पक्षी दिवसा जागा असतो, निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर उजेडात बसतो, आणि शेपटी झटक्यात डावीकडे-उजवीकडे हलवतो. डोळे पिवळे. चित्रात शेपटी हलत नाही, ते काम शेजारच्या मजकुराला करावं लागतं. रासमुसेन आणि जॉन अँडरटन यांचं ‘बर्ड्‌स ऑफ साउथ एशिया’ २००५ मध्ये दोन खंडांत आलं. पहिल्यात चित्रं, दुसऱ्यात मापं, रंग, आवाज आणि नमुन्यांची चिकित्सा. दोन्ही खंड शेजारी उघडे ठेवूनच ते वाचावं, असं माझं आग्रहाचं मत आहे. चित्रांचा खंड तेवढा विकत घेऊन समाधान मानणारे पुष्कळ भेटतात. चित्र ज्याच्यावर उभं आहे ते दुसऱ्या खंडात आहे.

मधल्या काळात या पक्ष्याचं घर रुंदावत गेलं. तोरणमाळ, यावल, मेळघाट या नोंदी झाल्या, मध्य प्रदेशातही तो दिसला. मग ऑक्टोबर २०१४ मध्ये तो तानसा अभयारण्यात दिसला. ज्या तानसाचं पाणी मुंबई पिते, तिथे, आमच्याच ठाणे जिल्ह्याच्या रानात. सातपुड्याचा म्हणून ओळखलेला पक्षी सह्याद्रीच्या पायथ्याशी निघाला. ही बातमी कळल्यावर कोपरहून धिम्या गाडीने मुंबईला जाऊन मी सोसायटीच्या ग्रंथालयात जुने अंक चाळत बसले, आणि डेव्हिडसनच्या यादीकडे पहिल्यांदाच शेजाऱ्याच्या नजरेने पाहिलं. तानशाच्या पक्ष्याची कातडी कुणी केली नाही. छायाचित्र, आवाज, ठिकाण आणि तारीख यांवर नोंद पक्की झाली. चिठ्ठीचं काम आता या चौघांकडे आलं आहे, आणि तपासणाऱ्याचा डोळा त्यांच्यावरही तितकाच कडक असायला हवा.

२०१५ मध्ये गुजरातेत, डांगच्या पूर्णा अभयारण्यातून, रानपिंगळ्याची नोंद छापून आली. म्हणजे पक्षी गुजरातेत खरोखर आहे. माइनर्त्सहागेनला हे ठाऊक नव्हतं, त्याने फक्त चोरलेल्या पक्ष्याला एक गाव चिकटवलं होतं. नव्या नकाशात गुजरातेवर जो ठिपका पडायचा, तो पूर्णेच्या पक्ष्याच्या जोरावर. मांडवीच्या चिठ्ठीला त्यात जागा नाही.