बिस्किटें आणि देशोदेशींची अभिरुचि

अभिरुचीविषयीं वाद घालूं नये, असें म्हणण्याची शहाण्या माणसांची पद्धत आहे. काव्याच्या बाबतींत आम्हांस हें मत कधींच पटलें नाहीं. तेथें रुचीला कारणें असतात, आणि तीं शोधणें हेंच टीकाकाराचें काम होय. मग खाद्यपदार्थांच्या बाबतींत तरी तें आपण मुकाट्यानें कां मान्य करावें? त्यांतहि कारखान्यांत तयार होऊन पाकिटांत बंद झालेल्या बिस्किटाची चिकित्सा अधिक सोपी आहे. घरच्या स्वयंपाकांत हाताचा गुण, पाण्याचा गुण अशीं शंभर कारणें मध्यें येतात; पाकिटांतील बिस्किट मात्र न्यूयॉर्कला काय आणि शांघायला काय, एकाच कृतीचें व एकाच साच्यांतून निघालेलें असूं शकतें. असें असूनहि एका देशाला ज्याची चटक लागते, तें दुसऱ्या देशांत दुकानाच्या फळीवर पडून राहतें. याचें कारण सामान्यतः असें सांगण्यांत येतें कीं, अमुक लोकांच्या जिभेला गोड अधिक लागतें, तमक्यांच्या जिभेला कमी. हें उत्तर अगदींच खोटें नाहीं. परंतु त्यांत जिभेवर नसती जबाबदारी टाकली जाते, असें आमचें मत आहे.

ओरिओ नांवाच्या बिस्किटाची हकीकत या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे. १९१२ सालीं अमेरिकेंतील नॅशनल बिस्किट कंपनीनें तें काढलें. कोकोच्या दोन काळ्या चकत्या व त्यांच्यामध्यें साखरेचें पांढरें सारण, एवढाच त्याचा थाट. १९९६ सालीं तें चीनच्या बाजारांत गेलें, आणि पुढें जवळजवळ दहा वर्षें त्याचा खप बेताचाच राहिला. अखेर चालकांनीं चौकशी केली, तेव्हां चिनी गिऱ्हाइकांना तें फार गोड लागतें व पाकीट महाग वाटतें, असें आढळून आलें. मग साखर कमी झाली, लहान व स्वस्त पाकिटें निघालीं, आणि २००६ सालीं तर गोल आकारच सोडून देऊन चॉकलेटानें मढवलेलें थराथरांचें लांबट वेफर ओरिओच्या नांवानें विकूं लागले. खप झपाट्यानें वाढला.

येथवरची हकीकत गोडाच्या सिद्धान्ताला पोषकच आहे. परंतु याच मोहिमेंत कंपनीनें आणखी एक गोष्ट केली, तिच्याकडे फारसें कोणी लक्ष देत नाहीं. महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना तिनें सायकलींवरून गांवांत हिंडविलें. सायकलींचीं चाकें बिस्किटासारखीं सजविलेलीं होतीं. त्यांचें काम बिस्किटें वांटण्याचें होतें, आणि बिस्किटाची दुधाशीं जोडी कशी जमवावी हें लोकांना शिकविण्याचेंहि होतें! अमेरिकेंत या बिस्किटाचा एक विधिच ठरलेला आहे. मुलानें दोन चकत्या पिळून वेगळ्या कराव्या, सारण चाटावें, आणि उरलेला भाग गार दुधाच्या पेल्यांत बुडवून खावा. बिनसाखरेच्या थंड दुधाबरोबर ती तीव्र गोडी सुसह्य होते, नव्हे, सुखाची होते. दूध काढून घेतलें कीं उरतो तो नुसता साखरेचा मारा. ज्या देशांत चहा बिनदुधाचा पितात आणि गार दुधाचा पेला ही घरोघरची जुनी चाल नाहीं, तेथें हें बिस्किट एकटेंच जाऊन पडलें होतें. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, पाकिटांत बिस्किटाचा अर्धाच भाग असतो. दुसरा अर्धा गिऱ्हाइकाच्या घरीं पेल्यांत किंवा कपांत असावा लागतो.

इंग्लंडांत हा दुसरा अर्धा म्हणजे चहा. १८९२ पासून तयार होत असलेलें मॅक्व्हिटीचें डायजेस्टिव्ह घ्या, किंवा नांवांतच चहा असलेलें रिच टी घ्या. दोन्हींची गोडी बेताची, पोत कोरडा व कांहींसा भरभरीत. तीं नुसतीं खाल्लीं तर घशाशीं बसतात. चहांत बुडविलीं कीं त्यांच्यांतला सुप्त स्वाद जागा होतो. ब्रिस्टल विद्यापीठांतील लेन फिशर या पदार्थविज्ञानवेत्त्यानें बिस्किट चहांत किती वेळ व कसें बुडवावें याचें गणित मांडलें होतें. बिस्किटांतील पिष्टाचे कण साखरेनें व स्निग्धांशानें एकमेकांस चिकटलेले असतात; ऊन चहा सूक्ष्म छिद्रांतून आंत शिरला कीं साखर विरघळते, कण फुगतात, आणि थोडा उशीर झाल्यास बिस्किट कपांत कोसळतें. म्हणून तें उभें न धरतां आडवें बुडवावें, म्हणजे वरची बाजू कोरडी राहून ओल्या बाजूस आधार देते, असा त्याचा सल्ला आहे. या कार्याबद्दल त्याला १९९९ सालीं इग नोबेल हें थट्टेचें पारितोषिक मिळालें. आमच्या मतें विषय थट्टेचा नव्हता. ज्या लोकांनीं जॅफा केक हें बिस्किट कीं केक हा प्रश्न १९९१ सालीं कराच्या न्यायाधिकरणापुढें नेला, आणि शिळें झाल्यावर केक कडक होतो व बिस्किट मऊ पडतें हा मुद्दा तेथें गंभीरपणें विचारांत घेतला, त्यांना तरी तो तसा वाटूं नये. निकाल, अर्थात्, केकच्या बाजूनें लागला.

आतां आपल्याकडे वळूं. परदेशांतून आलेल्या आप्तानें आणलेला बिस्किटांचा डबा घरांत कौतुकानें फोडला जातो, चहा होतो, आणि दुसऱ्याच घांसाला कोणीतरी म्हणतें, “फारच गोड बाई! या लोकांना चव म्हणून नाहीं.” हा निकाल अन्यायाचा आहे. आपला चहा दूध व साखर घालून उकळलेला. त्या गोडावर लोण्यानें व साखरेनें ओथंबलेलें बिस्किट खाल्लें तर दुसरें काय होणार? त्या बिस्किटाची मूळची सोबत बिनसाखरेच्या कॉफीची किंवा गार दुधाची. आपण त्याला परक्या संगतींत बसविलें आणि त्याच्या कुळाला नांवें ठेवलीं. परभाषेंतील कवितेचें वाईट भाषांतर वाचून त्या भाषेंत काव्यच नाहीं म्हणणारे टीकाकार याच जातीचे. उलट बाजूनें, आपल्या ग्लुकोज बिस्किटाला नाक मुरडणारा पाहुणाहि तितकाच अरसिक. १९३९ सालापासून बिस्किटें करणाऱ्या पार्ले कंपनीचें पार्ले-जी कोरडें खाऊन त्याची परीक्षा करणें म्हणजे पेटीशिवाय व तबल्याशिवाय नाट्यपद ऐकण्यासारखें आहे.

परंतु या सर्वांत आम्हांस अधिक विचार करावयास लावतें तें मारी बिस्किट. १८७४ सालीं रशियाच्या झारची कन्या मारिया हिचा विवाह इंग्लंडच्या राजपुत्राशीं झाला, आणि त्या निमित्तानें लंडनच्या पीक फ्रीन कंपनीनें हें बिस्किट काढलें. राजकन्येचें नांव आज कोणाच्या ध्यानांत आहे? बिस्किट मात्र जगभर पसरलें. स्पेनमध्यें तें घरोघरच्या न्याहारींत जाऊन बसलें. पोर्तुगालांत तें कॉफींत भिजवून, लोण्याचें गोड सारण घालून, थरावर थर रचून त्याचा केक करतात. आपल्याकडे तें चहाबरोबर तर खातातच, पण तापांतून उठलेल्या माणसाला प्रथम द्यावयाचें आणि दांत येणाऱ्या मुलाच्या हातांत ठेवावयाचें बिस्किट तेंच. हें यश त्याला चवीच्या जोरावर मिळालें असें कोणी म्हणणार नाहीं. त्याच्या अंगीं स्वतःची चव फारच थोडी. आमच्या मतें याच उणेपणानें तें तरलें. जें बिस्किट स्वतः फार बोलत नाहीं, त्याला कोणत्याहि घरीं जागा मिळते. ओरिओला आपल्याबरोबर आपला विधि न्यावा लागला. मारीनें ज्या त्या घरचा विधि पत्करला.

तिखटमिठाच्या पदार्थांत तरी जिभेचें राज्य असेल, असें वाटण्याचा संभव आहे. बटाट्याच्या त्याच पातळ कापांवर इंग्लंडांत व्हिनेगर, जर्मनींत पापरिका, आपल्याकडे मसाला. परंतु इंग्रजाला व्हिनेगर आवडतें तें तळलेल्या मासळीच्या दुकानांत लहानपणापासून बटाट्यावर तें शिंपडलेलें पाहून. आणि मसाल्याचें मूळ कोठें आहे हें सांगावयास नको. तक्रार करावयाची तर ती कारखानदारांविषयीं आहे. एवढ्या मोठ्या देशाच्या रुचीला ‘मसाला’ या एका शब्दांत गुंडाळून ती पूड म्हणून वरून भुरभुरली, कीं स्थानिक अभिरुचि साधली, असा त्यांचा समज दिसतो. गोडा मसाला आणि मालवणी मसाला यांच्यांत केवढें अंतर आहे, हें त्या पुडीला ठाऊक नसतें.

यापेक्षां जपानांत झालेला प्रकार पुष्कळ सूक्ष्म बुद्धीचा आहे. किटकॅट हें मूळ इंग्लंडांतील यॉर्क शहरचें, १९३५ सालचें. जपानांत तें १९७३ सालीं गेलें. तेथें त्याचे हिरव्या चहाचे, वासाबीचे, जांभळ्या रताळ्याचे असे अनेक प्रकार निघाले, ते ऐकून आपणांस हंसूं येतें. परंतु त्यांतील पुष्कळ प्रकार एकेका प्रांताच्या नांवानें विकले जातात, हें ध्यानांत घेतलें म्हणजे उलगडा होतो. जपानी माणूस प्रवासाहून परततांना त्या त्या गांवचा खाऊ आप्तांना व कचेरींतील सोबत्यांना नेल्यावांचून राहत नाहीं. शिवाय त्याचें नांव जपानी भाषेंत ‘खात्रीनें जिंकशील’ या अर्थाच्या शब्दांच्या जवळ जातें, म्हणून परीक्षेस बसणाऱ्या मुलांना तें शुभेच्छेदाखल देण्याची चाल पडली. २००९ सालीं तर तें पत्ता लिहून थेट टपालानें पाठवितां येईल अशी सोय झाली. तेथें बिस्किटाचा दुसरा अर्धा पेल्यांत नव्हता, देण्याघेण्याच्या रीतींत होता, आणि तो कंपनीला नेमका सांपडला.

ओरिओ आपल्याकडे २०११ सालीं आलें. जाहिरातींतून मूल आपल्या बापाला पिळणें, चाटणें व बुडविणें शिकवीत होतें; म्हणजे विधि बिस्किटाबरोबरच आला. मुलांच्या दुधाच्या पेल्याजवळ त्यानें जागा मिळविली, हें आमच्या पाहण्यांतील बहुतेक घरांत दिसतें. त्याच घरांत दुपारीं चार वाजतां वडील माणसांचा चहा होतो, तेव्हां बशींत मात्र मारी किंवा ग्लुकोजच असतें. एखाद्या दिवशीं घरांतलें तें संपलें म्हणून कोणी काळें बिस्किट पुढें केलें, तर आजोबा तें नातवाला देतात आणि चहा नुसताच पितात.