लॉटरीचा पैसा आणि सरकारी शाळा: एक टीकात्मक टिपण

1964 मध्ये अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्याने तीन डॉलरचे सोडतीचे तिकीट विकायला काढले. राज्यात विक्रीकर नव्हता, वेतनावर आयकरही नव्हता. शाळांना मात्र पैसा हवा होता. पुढे बहुतेक राज्ये या वाटेने गेली. हेतू चांगला होता की नाही, हा वाद बाजूला ठेवून आपण हिशेब पाहू.

कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी 1984 मध्ये मंजूर केलेल्या कायद्यात 100 डॉलरच्या विक्रीची वाटणी अशी होती: 50 बक्षिसांना, फार तर 16 व्यवस्थापनाला, किमान 34 शिक्षणाला. म्हणजे शाळेपर्यंत 34 डॉलर पोचवायला 16 पर्यंत खर्च! कोणत्याही करखात्याला हे प्रमाण लाजिरवाणे वाटेल. एवढे करूनही तिथल्या शाळांच्या उत्पन्नात लॉटरीचा वाटा एक-दोन टक्क्यांच्याच घरात राहिला.

खरा दोष पुढेच आहे. पाण्याच्या टाकीला दुसरा नळ जोडला आणि कोणीतरी हळूच पहिला नळ थोडा बंद केला, तर पातळी किती वाढेल? समजा, शाळांना तिजोरीतून 100 कोटी मिळतात. लॉटरीतून 10 कोटी आले आणि तिजोरीने 8 कोटी कमी केले, तर खरी वाढ 2 कोटींची. जाहिरातीत मात्र 10 कोटी. "ही रक्कम भर म्हणूनच वापरावी" असे कायद्यात लिहिता येते, पण लॉटरी नसती तर सरकारने किती दिले असते हे मोजणार कसे? मुद्दा अडतो तो इथे.

आता पैसा कोणाचा? क्लॉटफेल्टर आणि कुक यांनी 'सेलिंग होप' (1989) या पुस्तकात लॉटरीतील सरकारी वाट्याकडे छुपा कर म्हणून पाहिले. कमी उत्पन्नाच्या कुटुंबावर त्याचा बोजा उत्पन्नाच्या मानाने जास्त पडतो. जॉर्जियाने 1993 पासून हा पैसा थेट शिष्यवृत्तीला दिला; तिथे तो निदान डोळ्यांना दिसतो, हे मान्य करायला हवे. पण शिष्यवृत्ती गुणांवर आधारलेली असल्याने तिचा मोठा लाभ मध्यमवर्गीय मुलांकडे गेला. तिकीट एकाने काढायचे, फी दुसऱ्याची भरायची.

आपल्याकडे केरळने 1967 मध्ये सरकारी लॉटरी सुरू केली. 1998 च्या केंद्रीय कायद्यानुसार तिकीटविक्रीची रक्कम राज्याच्या लोकलेख्यात जमा करावी लागते. ती शाळांवरच खर्चावी, असे बंधन त्यात नाही. एखाद्या राज्याने उद्या तसे जाहीर केले, तर अर्थसंकल्पात लॉटरीची ओळ वाचून थांबू नका. मागच्या पाच वर्षांची शिक्षणावरील एकूण तरतूद शेजारी मांडा.