वेशीवरची पाटी

संगणकावरील आभासी विश्वांविषयी आपल्याकडे जे लिहिले वा बोलले जाते, त्यात धाक असतो किंवा कौतुक असते. समीक्षा क्वचितच आढळते. मूल किती तास खेळते, त्याच्या डोळ्यांचे काय होईल, हे प्रश्न आपण विचारतो, आणि ते रास्तच आहेत. परंतु सामान्य माणसांनी आपल्या कल्पनेतून रचलेली ही विश्वे म्हणजे एक नवी लोककला आहे असे मानले, तर अन्य कलांप्रमाणे तिचेही गुणदोष तपासले पाहिजेत. प्रस्तुत लेखात तिच्या एकाच अंगाचा विचार करावयाचा आहे. एका विश्वातून दुसऱ्या विश्वात जाण्यासाठी मध्यवर्ती चौक उभारलेला असतो. खेळणारी मुले त्याला ‘हब’ म्हणतात आणि त्यातील दारांना ‘पोर्टल’.

जालन्याच्या वाचकाला हा प्रकार समजण्यास मनमाड जंक्शन पुरेसे आहे. मनमाडसाठी मनमाडला उतरणारे थोडे, गाडी बदलण्यासाठी उतरणारे पुष्कळ. तरीही कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागणार, हे सांगणारी पाटी चुकली तर प्रवासी भलत्याच गावी पोहोचतो. हबचेही तसेच आहे. ते मुक्कामाचे ठिकाण नव्हे; पण प्रवाशाला कोणते विश्व दिसावे आणि कोणते दिसूच नये, याचा निर्णय तेथेच होतो. म्हणून हबची पारख करताना त्याच्या रोषणाईकडे पाहून भागत नाही. दारावर पाटी कोणी लावली आणि तिची जबाबदारी कोण घेतो, हे पाहावे लागते.

या परंपरेचा आरंभ मोठा घरगुती होता. १९९० साली अमेरिकेत पावेल कर्टिस यांनी ‘लॅम्डामू’ नावाचे विश्व सुरू केले. त्यात चित्रे नव्हती, केवळ शब्द होते. नवागत प्रथम कोट टांगण्याच्या एका अंधाऱ्या कोठडीत येई आणि दार उघडून दिवाणखान्यात प्रवेश करी. तेथे माणसे गप्पा मारीत असत. पुढच्या खोल्या रहिवाशांनीच शब्दांनी रचलेल्या होत्या. पाहुणा आधी माणसांना भेटे आणि मग वाटा शोधी. हा क्रम मला अत्यंत अर्थपूर्ण वाटतो.

आजच्या हबांमध्ये सर्वांत उत्तम नमुना, माझ्या मते, ‘माइनक्राफ्ट’ खेळणाऱ्यांनी स्वतः घडविला आहे. या खेळात ऑब्सिडियन नावाच्या काळ्या दगडाची चौकट रचून ती पेटवली, की ‘नेदर’ नामक पाताळात जाता येते. त्या पाताळात एक पाऊल चालले, तर वरच्या जगात आठ पावले अंतर तोडले जाते. ही सोय ओळखून एकत्र खेळणाऱ्या मंडळींनी तेथे बोगदे खोदले, मधोमध चौक बांधला आणि प्रत्येकाच्या वस्तीकडे जाणाऱ्या वाटेवर पाटी लावली. कंपनीने हा चौक बांधून दिलेला नाही. कोणाचा राजवाडा असो वा कोणाची झोपडी, ज्याने बोगदा खोदला त्याची पाटी लागते. रचनेत ओबडधोबडपणा असेल, पण ती शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांसाठी केलेली आहे.

‘व्हीआरचॅट’मध्ये याच गुणाचे निराळे रूप दिसते. तेथे एखादी व्यक्ती मित्रांसमोर दार उभे करते. दारात पलीकडच्या विश्वाचे चित्र झळकते आणि काही वेळाने ते दार आपोआप मिटते. ‘चला, एक जागा दाखवतो,’ असे म्हणणारा माणूस येथे प्रत्यक्ष सोबत असतो. नवे विश्व मात्र आधी ‘कम्युनिटी लॅब्ज’ या विभागात ठेवले जाते आणि पुरेसा प्रतिसाद मिळाल्यावरच सर्वांसमोर येते. या चाळणीमुळे निकृष्ट कामे मागे राहतात, हे खरे. पण ज्याला मित्रपरिवार नाही, अशा रचनाकाराचे चांगले कामही मागे राहण्याची भीती आहे.

‘रोब्लॉक्स’ या २००६ साली खुल्या झालेल्या मंचावर चालत फिरण्याचा चौकच नाही. चित्रांच्या रांगा आहेत, आणि त्यांचा क्रम लोकांच्या खेळण्यावरून यंत्र ठरविते. ‘फोर्टनाइट’च्या क्रिएटिव्ह विभागात २०१८ पासून दारांचा चौक होता, पुढे तेथेही चित्रांची यादीच मुख्य वाट झाली. या पद्धतीला कारण आहे. २०२५ च्या एप्रिल ते जून या तिमाहीत रोब्लॉक्सवर दररोज सरासरी ११ कोटींहून अधिक लोक येत होते. एवढ्या जनसमुदायाला हाताने लिहिलेल्या पाट्या पुरणार नाहीत. शिवाय माणसांनी बांधलेला चौकही निर्दोष नसतो. तेथे आपपरभाव शिरतो, ओळखीच्यांना दर्शनी जागा मिळते. पण त्या चौकात तक्रार कोणाकडे करावी, हे तरी ठाऊक असते. यादी मात्र गर्दी जेथे आहे तेथेच आणखी गर्दी नेते, आणि ‘ही वाट मी दाखवली’ असे म्हणणारे तिच्यामागे कोणी दिसत नाही. उद्या आपल्या गावातील एखाद्या मुलीने मस्तगड वा कुंडलिकेचा घाट त्या विश्वात उभा केला, तर यादीच्या शंभराव्या ओळीत तो कोण पाहणार?

वेशीवर माणूस हवा तो आणखी एका कारणासाठी. रोममध्ये सेवा करणारे येशूसंघीय फादर रॉबर्ट बॅलेसर यांनी २०१९ साली माइनक्राफ्टचा एक सर्व्हर सुरू केला. शिवीगाळीला कंटाळलेल्यांना सौजन्याने खेळता यावे, हा त्यांचा हेतू होता. त्यावरही बाहेरून हल्ले झाले. सद्हेतूने दार उघडले तरी दाराशी जागता पहारा ठेवावाच लागतो, हे यावरून दिसते.

आईवडिलांना हे चौक परके वाटतात, आणि म्हणून ते घड्याळाकडे पाहून थांबतात. घड्याळ अवश्य पाहावे. पण त्याबरोबर मुलाशेजारी बसून विचारावे: या विश्वात तू कोणत्या दाराने आलास? ते तुला कोणी दाखवले? हे कोणी बांधले, त्याचे नाव तुला ठाऊक आहे का? ज्या चौकात या प्रश्नांची उत्तरे सहज सापडतात तो चांगला समजावा. आणि जेथे सापडत नाहीत, तेथे सजावट कितीही देखणी असली तरी मुलाला एकटे सोडू नये.