मृगाचा तेजोमेघ आणि चार सेंटिमीटर

नाटकाचं परीक्षण लिहिणाऱ्याला स्वतः रंगभूमीवर चढावं लागत नाही. त्याच न्यायाने, स्क्रूड्रायव्हर हाती न धरताही आकाशाच्या फोटोंबद्दल बोलता येतं, असं मी मानतो. तेव्हा आमच्या शेजाऱ्यांच्या दिवाणखान्यात लागलेल्या चित्राविषयी चार शब्द. चित्र मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचं. रंग म्हणाल तर साडीच्या दुकानात ‘राणी कलर’ म्हणून दाखवतात तो.

दुर्बीण न्यूटनच्या पद्धतीची, आठ इंची आरशाची. न्यूटनने १६६८ साली अशी पहिली दुर्बीण केली ती डोळ्यासाठी. कॅमेरा त्याच्या हिशेबात कुठून असणार? प्रतिमा जमते नळीच्या जेमतेम बाहेर, आणि कॅमेऱ्याचा सेन्सर बसलेला त्याच्या पोटात चार-साडेचार सेंटिमीटर आत. पान वाढलंय ओसरीवर आणि पाहुणा उभा फाटकात! शेजाऱ्यांनी मग मोठा आरसाच नळीत चार सेंटिमीटर पुढे सरकवला. त्यामुळे मधला तिरपा आरसा लहान पडला. तो मोठा आणला. कडेच्या ताऱ्यांना फुटलेली शेपटं डोळ्याला खपत होती, कॅमेऱ्याने ती चव्हाट्यावर आणली. त्यासाठी एक भिंग आलं. एक खिडकी बदलायला घेतली की घरभर रंगकाम निघतं, त्यातलाच प्रकार.

‘‘रंग खोटा आहे हो, डोळ्याला तर राखाडी दिसतं,’’ असं पाहुणे म्हणतात. दिसणारच. अंधुक उजेडात डोळा रंग ओळखत नाही, आणि कॅमेऱ्यासारखा मिनिटंच्या मिनिटं प्रकाश साठवतही नाही. हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश तिथून खरोखरच येतो. १८८३ साली इंग्लंडमध्ये ईलिंगला अँड्र्यू कॉमन यांनी ३६ इंची आरशाने याच तेजोमेघाचा फोटो घेतला, तेव्हा डोळ्याला न दिसणारे तारे त्यात उमटले होते. म्हणून फोटोला थापाड्या म्हणायला मी तयार नाही. राणी रंग थोडा उतरवला तर बरं, एवढंच.

माझे आक्षेप दोन. ताऱ्यांना फुटलेले चार किरण आकाशातले नव्हेत. तिरपा आरसा धरणाऱ्या चार पट्ट्यांचा तो प्रताप. शेजारी नेमके तेच बोट ठेवून दाखवतात. गवयाला सोडून माइकच्या खरखरीला दाद द्यावी, तसं हे.

दुसरा आक्षेप गंभीर आहे. पूर्वी सोसायटीतली पोरं गच्चीवर रांग लावून शनीची कडी बघत. ‘‘काका, खरंच कडी आहे हो!’’ म्हणून ओरडत. आता आरसा पुढे गेल्यामुळे आयपीस लावली की दिसतो नुसता धुरकट गोळा. पोरं लॅपटॉपभोवती जमतात, ‘छान’ म्हणतात आणि एकेक करून खाली जातात. लॅपटॉपवर ओरडण्यासारखं काही नसतं. चित्र सुंदर आहे. पण त्याचं बिल पोरांनी भरलंय.

उपाय मात्र सोपा. चार सेंटिमीटरची एक जोडनळी घातली की आयपीस तेवढी बाहेर येते आणि शनी पुन्हा रेखीव दिसतो. कॅमेऱ्यासाठी एवढी उलथापालथ केली, मग डोळ्यासाठी एका नळीची कंजुषी का?

चित्राला दहापैकी आठ गुण. उरलेले दोन नळी बसल्यावर.