पाहुणचार आणि हिशेब

फुटबॉलवरील चित्रपट म्हटला की अखेरच्या मिनिटाचा गोल आणि उंचावलेला चषक आपण गृहीतच धरतो. दिग्दर्शक झकरिया मोहम्मद यांचा 'सुदानी फ्रॉम नायजेरिया' हा २०१८ सालचा मल्याळी चित्रपट या अपेक्षेला फारसा थारा देत नाही. त्याचा खेळाडू सॅम्युएल न्हाणीघरात पडून जायबंदी होतो आणि पुढे बराच काळ मैदानाऐवजी परक्याच्या घरी खाटेवर काढतो.

केरळातील मलप्पुरम जिल्ह्यात 'सेव्हन्स' नावाचा खेळ लोकप्रिय आहे. एका बाजूस सातच गडी. पावसाळा सरला की तात्पुरत्या गॅलऱ्या उभारून रात्रीच्या दिव्यांत सामने होतात. या सामन्यांना राष्ट्रीय महासंघाची मान्यता नाही. प्रेक्षकांना मात्र तोटा नाही. या संघांसाठी आफ्रिकेतून खेळाडू आणले जातात. युरोपातील मोठ्या क्लबांचे दार ज्यांना उघडत नाही, असे हे तरुण. कुणी नायजेरियाचा असो वा घानाचा, गावाच्या तोंडी तो 'सुदानी'च. शीर्षकातला विनोद हाच आहे आणि त्यातली बोचही हीच आहे.

संघाचा व्यवस्थापक मजीद (सौबिन शाहिर) स्वतःच कर्जात बुडालेला. इस्पितळाचा खर्च झेपत नाही म्हणून तो सॅम्युएलला घरी आणतो. तिथे त्याची आई जमीला आणि शेजारीण बीयुम्मा या दोन वृद्ध स्त्रिया चित्रपट अलगद आपल्या हाती घेतात. भाषा समान नाही, धर्म समान नाही. तरी जेवणाचे ताट, औषध, अंथरूण यांतून संवाद होत राहतो. सावित्री श्रीधरन आणि सरसा बालुश्शेरी या दोघी कोझिकोडच्या रंगभूमीवरील अभिनेत्री. दोघींना केरळ राज्याचा पुरस्कार मिळाला, आणि तो सर्वस्वी योग्य होता. परक्याच्या मुलाला असे जपणाऱ्या या घरात मजीद स्वतःच्या सावत्र बापाशी मात्र धड बोलत नाही. हा विरोध दिग्दर्शकाने कुठलेही भाषण न करता मांडला आहे. मला चित्रपटातला सर्वांत प्रगल्भ भाग हाच वाटला.

तरीही एक तक्रार नोंदवली पाहिजे. हा पाहुणचार जन्मतो पैशाच्या टंचाईतून. खेळाडू जायबंदी झाला तर त्याचा खर्च कोणी करायचा, त्याच्या मजुरीचे काय, संघाचे त्याच्याशी बांधलेपण किती, हे प्रश्न सुरुवातीस डोके वर काढतात आणि जमीलेच्या मायेत विरघळून जातात. पुढे सॅम्युएलचा पासपोर्ट हरवतो, पोलीस चौकशीला येतात, आणि कळते की निर्वासितांच्या छावणीतून आलेल्या या मुलाची कागदपत्रेच खरी नाहीत. दूरदेशी आजी वारल्याची वार्ता येते तेव्हा त्याला घरी जाण्याची वाट नसते. ज्यांच्या घरचे कुणी आखातात वा जहाजावर आहे, त्या वाचकांना या प्रसंगाचे वजन सांगावे लागू नये. परंतु मलप्पुरमचे स्वयंपाकघर जितक्या बारकाईने रंगवले आहे, त्याच्या दशांशानेही सॅम्युएलचा देश रंगवलेला नाही. युद्ध, छावणी, दारिद्र्य अशा दोनचार ठळक रेघांत त्याचे सारे पूर्वायुष्य उरकले आहे. मजीदला घर आहे, नातीगोती आहेत, स्वभावदोष आहेत. सॅम्युएलच्या वाट्याला मुख्यतः दुःख येते.

या तक्रारीला पडद्याबाहेरही एक पुरावा मिळाला. प्रदर्शनानंतर थोड्याच दिवसांत नायजेरियन अभिनेते सॅम्युएल अबियोला रॉबिन्सन यांनी आपणास भारतीय कलावंतांहून कमी मोबदला मिळाल्याचे आणि त्यामागे वर्णभेद असल्याचे जाहीरपणे म्हटले. चित्रपटाचे अंदाजपत्रक लहान होते आणि मोबदला करारानुसारच होता, असे निर्मात्यांचे उत्तर होते. पुढे तडजोड झाली आणि रॉबिन्सन यांनी वर्णभेदाचा आरोप मागे घेतला. कोणाची बाजू किती खरी, हे ठरवणे समीक्षकाचे काम नव्हे. पण दूरदेशाहून आलेल्या माणसाला प्रेमाने वागवणे आणि त्याला त्याचे देणे वेळेवर चुकते करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि चित्रपटाने पहिलीच पाहिली, असे मला तेव्हाही वाटले होते आणि अलीकडे पुन्हा पाहतानाही वाटले.

शेवटी विमानतळावर मजीद आणि सॅम्युएल अंगातले सदरे बदलतात. सामना संपल्यावर खेळाडू करतात तसे. सौबिन शाहिर यांनी हा क्षण एक शब्दही न वाढवता पेलला आहे.